महालक्ष्मीचं मैदान आणि आपलं मैदान

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कामं आटोपून बसल्या असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. हात चालू द्या, कान इकडं द्या.

महालक्ष्मी म्हटलं की आपल्या वऱ्हाडात काय आठवतं? भादवा आठवतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा घरी येतात, आंबील होते, सोळा भाज्यांचा घाट घालतो, सगळं गाव जेवून उठतं. पण मुंबईतल्या माणसाला महालक्ष्मी म्हणा, त्याला दोन गोष्टी आठवतात. एक समुद्राकाठचं देऊळ आणि दुसरं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. त्याला तिथं रेसकोर्स म्हणतात. आज मी त्या मैदानाचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचं त्या श्रीमंतांच्या घोड्यांचं? थोडं थांबा. त्या मैदानात आपला कापूस आहे, आपल्या घरचा पैसा आहे आणि आपल्या गावच्या जत्रेच्या जागेलाही लागू पडेल असा एक प्रश्न आहे.

पहिली गोष्ट समुद्राची. मुंबई आज एकसंध दिसते, पण मुळात ती सात बेटं होती. मुंबईचं बेट आणि वरळीचं बेट यांच्यामध्ये मोठी खिंड होती. भरती आली की त्या खिंडीतून समुद्र आत घुसायचा आणि आजच्या भायखळ्यापर्यंतचा सखल भाग पाण्याखाली जायचा. विल्यम हॉर्नबी नावाचा इंग्रज गव्हर्नर होता. त्यानं ती खिंड बुजवायला मोठा बांध घालायचं काम हाती घेतलं. १७८४ च्या सुमारास ते पुरं झालं. लोक त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणायचे.

या बांधाची एक आख्यायिका मुंबईत आजही सांगतात. बांध बांधायचा आणि तो ढासळायचा, पुन्हा बांधायचा आणि पुन्हा ढासळायचा. कामावर रामजी शिवजी नावाचे पाठारे प्रभू समाजाचे स्थापत्यकार होते. त्यांच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, आम्ही समुद्रात आहोत, आधी आम्हाला बाहेर काढा. कोळ्यांनी जाळं टाकलं तर तीन मूर्ती वर आल्या, महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती. त्यानंतर बांध टिकला. आख्यायिका आहे, ती आख्यायिका म्हणूनच ऐकायची. पण देऊळ खरं आहे. आजचं देऊळ १८३१ साली धाकजी दादाजी नावाच्या व्यापाऱ्यानं बांधलं. त्या देवीवरून सगळ्या भागाला महालक्ष्मी नाव पडलं. जवळच समुद्रात हाजी अलीचा दर्गा आहे. भरतीला त्याची वाट बुडते आणि ओहोटीला उघडी होते.

बांध झाला आणि आतली जमीन पाण्यातून वर आली. पण ती जमीन म्हणजे चिखल आणि दलदल, पावसाळ्यात सगळं तळं. ना पेरता येई, ना घर बांधता येई. इंग्रज त्या भागाला महालक्ष्मीचं सपाट रान म्हणत. जवळजवळ शंभर वर्षं ते तसंच पडून होतं.

आता घोड्यांकडं वळू. घोडा आपल्याला नवा नाही. मराठ्यांच्या फौजा भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर उभ्या राहिल्या. अंगानं लहान पण काटक जनावर, कमी चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारं. आजही नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोडे, गाढवं, उंट विकायला येतात. पण कुंपण घालायचं, आत तिकिटानं सोडायचं आणि घोड्यावर पैसे लावायचे, ही रीत इंग्रजांची. त्यांच्याकडं एप्सम नावाच्या गावी १७८० पासून डर्बी नावाची मोठी शर्यत भरते. ते जिथं गेले तिथं हा शौक बरोबर घेऊन गेले.

मुंबईत आधी भायखळ्याला शर्यती व्हायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं मैदान होतं. घोडे यायचे अरबस्तानातून, इराकच्या बसरा बंदरातून. अरब व्यापारी गलबतांनी घोडे आणत आणि मुंबईच्या पागांमध्ये विकत. लष्करालाही घोडे लागत आणि शर्यतीलाही लागत. नंतर ऑस्ट्रेलियाहूनही घोडे येऊ लागले. भायखळ्याला वस्ती दाटली, जागा अपुरी पडली, तेव्हा महालक्ष्मीच्या त्या दलदलीकडं लोकांचं लक्ष गेलं. भराव घालून, पाण्याला वाट काढून १८८३ साली तिथं शर्यतीचं नवं मैदान तयार झालं. लंबगोल धावपट्टी आणि एका बाजूला बसायचे मंडप. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातल्या कॉलफील्ड मैदानाचा नमुना त्यासाठी घेतला होता. सगळी मिळून जागा दोनशे एकरांहून मोठी. आपल्या हिशेबानं बघा. पाच एकरांचं वावर असलेल्या चाळीस घरांची शेती एकत्र केली तर तेवढी जागा होते.

आता कापसाची गोष्ट. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांना वऱ्हाड हवं होतं ते मुख्यतः आपल्या काळ्या जमिनीसाठी आणि त्यात पिकणाऱ्या कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळा डोळा हिंदुस्थानच्या कापसावर. भाव आभाळाला भिडले. वऱ्हाडातून रेल्वे न्यायची घाई झाली आणि १८६७ मध्ये भुसावळ, अकोला, बडनेरा असं करत रूळ नागपूरला पोचले. खामगाव, अकोला आणि अमरावतीचे कापसाचे बाजार दूरवर गाजले. जिनात सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि गाडीत घालून मुंबईला धाडायच्या.

मुंबईत त्या गाठींचं काय होई? काही बोटीनं परदेशी जात, काही तिथल्या गिरण्यांत जात. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. ताडदेव महालक्ष्मीच्या अगदी शेजारी आहे. पुढं लालबाग, परळ, वरळी, महालक्ष्मी या सगळ्या भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरणीमालक आणि कापसाचे दलाल श्रीमंत झाले. त्यांनी बंगले बांधले, शाळा आणि दवाखानेही बांधले, आणि शर्यतीचे घोडेही पाळले. म्हणजे बायांनो, वऱ्हाडात पऱ्हाटीच्या तासात वाकून बोंडं वेचली कुणी? आपल्या आज्या-पणज्यांनी. त्या वेचणीचा पैसा फिरत फिरत गेला आणि त्यातला काही वाटा महालक्ष्मीच्या हिरवळीवर धावला. हा काही आरोप नाही. पैसा कुठून कुठं जातो ते समजावं म्हणून सांगते.

त्या मैदानावर कोण कुठं बसायचं हेही ठरलेलं होतं. क्लबच्या सभासदांचा मंडप वेगळा. तिथं गव्हर्नर, राजे-महाराजे, गिरणीमालक आणि त्यांच्या बायका. त्यानंतर पहिल्या दर्जाचा मंडप, त्यानंतर दुसरा दर्जा. जसं तिकीट, तशी बसायची जागा. घोडा मात्र सगळ्यांना एकच दिसायचा. आणि घोड्याचं दाणापाणी, खरारा, रात्रीची राखण करणारा मोतद्दार राहायचा पागेशेजारच्या खोलीत. शर्यत जिंकली की फोटो मालकाचा निघायचा. हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. पोळ्याला मान मालकाचा आणि बैल धुणारा गडी मागं उभा.

१९३५ साली इंग्लंडच्या राजाच्या परवानगीनं त्या क्लबच्या नावाला 'रॉयल' शब्द लागला. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती भरवायच्या, हा त्यांचा क्रम अजून चालू आहे. १९४३ मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी धावली. ही शर्यत चार वर्षांच्या घोड्यांची असते आणि पल्ला २४०० मीटरचा. आणि पहिली डर्बी जिंकली कुणी, ठाऊक आहे? घोड्यानं नाही, घोडीनं. प्रिन्सेस ब्युटिफुल तिचं नाव, बडोद्याच्या महाराजांची घोडी. नर-मादी सगळे एकाच रेषेत उभे होते आणि मादी पुढं निघाली. घोडीला संधी मिळाली, मग माणसातल्या बाईला खोगिरावर बसायला किती वर्षं लागली? कितीतरी. रूपा सिंग ही भारतातली पहिली व्यावसायिक महिला जॉकी. पुरुषांच्या बरोबरीनं शर्यतीत उतरून तिनं कितीतरी शर्यती जिंकल्या. जॉकीचं वजन कमी लागतं, हात हलका लागतो, जनावराचा स्वभाव ओळखता यावा लागतो. यातलं काय बाईला जमत नाही, सांगा बरं?

मैदानाची आणि बाईची आणखी एक गोष्ट आहे, ती इंग्लंडातली. १९१३ साली तिथं बायकांना संसदेसाठी मत द्यायचा अधिकार नव्हता. अर्ज झाले, मोर्चे झाले, बायका तुरुंगात गेल्या, तरी कुणी ऐकेना. ४ जून १९१३ ला एप्समची डर्बी चालू होती. राजा स्वतः हजर होता, त्याचा घोडाही धावत होता. एमिली डेव्हिसन नावाची चाळिशीतली शिकलेली बाई कुंपणाखालून वाकून धावपट्टीवर गेली आणि राजाच्या घोड्यासमोर उभी राहिली. घोड्याच्या धडकेनं ती कोसळली आणि चार दिवसांनी गेली. तिला मरायचं होतं की घोड्याला झेंडा बांधायचा होता, यावर आजही वाद आहे. तिच्या अंत्ययात्रेला हजारो बायका आल्या. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, तीस वर्षांवरच्या काही बायकांना तिथं मताधिकार मिळाला. पुरुषांइतकाच मिळाला तो १९२८ मध्ये. जीव धोक्यात घाला असं मी मुळीच सांगत नाही. पण सगळा देश जिथं बघत होता, तिथं जाऊन ती उभी राहिली, एवढं लक्षात ठेवा.

आता मी तुम्हाला माझ्या घरची गोष्ट सांगते. आमच्या आईचे मामा तरुणपणी मुंबईला गिरणीत लागले. चांगला कारागीर माणूस. सुरुवातीला मनिऑर्डर वेळेवर यायची. मग कुणी सोबत्यानं त्यांना रेसला नेलं. पहिल्याच दिवशी पैसे आले म्हणे. तिथंच घात झाला. पहिल्या दिवशी हरले असते तर घरी परतले असते. पुढं पगार झाला की आधी रेस, मग खानावळ, मग उरलं तर घर. मनिऑर्डर थांबली आणि पत्रं येऊ लागली. शेवटी एका पत्रात लिहिलं, दोन एकर विकून पैसे पाठवा. मामी त्या वावरात रोज निंदत होती, वेचत होती. पण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. भावांनी व्यवहार केला. मामीला कळलं ते दुसऱ्याचा नांगर वावरात शिरला तेव्हा. आई सांगायची, मामी बांधावर बसून राहिली, रडली नाही, बोललीही नाही.

मामा वाईट माणूस होता का? नाही. त्याला फक्त हिशेब कळला नाही. तो हिशेब आज आपण करू. रेसवर पैसे लावायच्या एका पद्धतीला टोट म्हणतात. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. त्यातून आधी क्लबचा आणि सरकारचा वाटा कापून घेतात. उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटतात. आता समजा, शंभर जणींनी दहा-दहा रुपये लावले. गल्ला झाला १००० रुपयांचा. समजा त्यातून २०० रुपये कापले, उरले ८००. वीस जणींचा घोडा आला, तर प्रत्येकीला ४० रुपये. त्या नाचत घरी जातील. पण ऐंशी जणी रिकाम्या हातानं गेल्या, आणि शंभरजणी मिळून १००० चे ८०० झाले. तेच ८०० दुसऱ्या शर्यतीत लावले तर उरतील ६४०. तिसऱ्या शर्यतीनंतर ५१२. दिवसाच्या सात शर्यती धरा, शेवटी जेमतेम २१० रुपये उरतात. कोणता घोडा जिंकला, याच्याशी या हिशेबाचा संबंधच नाही. घोडा कोणताही येवो, गल्ला जिंकतो.

आता आपल्या बचत गटाचा गल्ला बघा. शंभर जणींनी दहा-दहा रुपये टाकले तर १००० चे १००० च राहतात. अंतर्गत कर्जाचं व्याज येतं तेही गटातच राहतं. महिन्याच्या शेवटी ते १००० हून जास्त होतात. दोन्हीकडं पैसे एकत्र करायचे आहेत. फरक इतकाच की एका गल्ल्याला भोक आहे आणि दुसऱ्याला नाही.

कायदा याबद्दल काय म्हणतो? मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे. गावात झाडाखाली पत्ते कुटणाऱ्यांवर आणि मटक्याच्या आकड्यावर धाड पडते ती त्याच कायद्याखाली. रेसकोर्सला मात्र १९१२ च्या वेगळ्या कायद्यानं परवाना मिळतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोड्याची शर्यत हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, त्यात घोड्याची जात, तालीम, स्वाराचं कसब असं कौशल्य आहे. न्यायालयाचं म्हणणं घोड्यापुरतं बरोबरच आहे. धावणाऱ्यात कौशल्य आहे, धावून घेणाऱ्यात कौशल्य आहे. पण पगाराच्या दिवशी खिडकीशी रांग लावणाऱ्या आमच्या मामाजवळ कोणतं कौशल्य होतं? आज ती खिडकीही लागत नाही. मोबाईलवर खेळाचे आकडे आणि पैजा घरात येऊन बसल्या आहेत. पोरगा खाटेवर पडून मोबाईल बघतो आहे की वावर हरतो आहे, आईला कळत नाही. म्हणून हा हिशेब पोरांना सांगा. शिव्या देऊन नका सांगू, कागदावर मांडून सांगा.

पुन्हा मैदानाकडं येऊ. शर्यती वर्षाचे काहीच दिवस असतात. बाकीच्या दिवसांचं काय? मधली मोकळी जागा सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांना वापरता येते. तिथं हेलिकॉप्टर उतरतात. हिरवळीवर लग्नं होतात, प्रदर्शनं भरतात, मेजवान्या होतात. २०२३ च्या जानेवारीत तिथं दोन दिवसांचा मोठा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव झाला. थोडक्यात, ती शहरातल्या पैसेवाल्यांची जत्राच म्हणायची. आणि हो, एक घोटाळा करू नका. आपल्या गटांच्या बाया पापड, लोणची, मसाले घेऊन मुंबईला 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनाला जातात, त्याचं नाव महालक्ष्मी असलं तरी ते या मैदानावर नाही, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर भरत आलं आहे.

आता खरा प्रश्न. ही दोनशे एकरांहून मोठी जागा कुणाची? क्लबची नाही. जागा सरकारची आणि मुंबई महानगरपालिकेची, म्हणजे लोकांची. क्लबला ती भाडेपट्ट्यानं दिली होती. १९१४ पासूनचा जुना पट्टा १९९४ ला संपला, पुढं तो वाढवला आणि २०१३ मध्ये तोही संपला. मग वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, तिथं मनोरंजनाचं उद्यान करा. कुणी म्हणालं, रेस राहू द्या, निदान जागा मोकळी राहते, नाहीतर सिमेंटचे टॉवर उठतील. कुणी म्हणालं, मूठभर लोकांच्या शौकाला लोकांची जागा कशाला? दहा-अकरा वर्षं हे चाललं. शेवटी २०२४ मध्ये सरकारनं निर्णय घेतला. १२० एकर जागा महानगरपालिकेकडं सार्वजनिक बागेसाठी आणि ९१ एकर शर्यतीसाठी क्लबकडं.

निर्णय बरा की वाईट हे मुंबईकर बघतील. आपण यातून काय घ्यायचं ते बघू. एवढ्या मोठ्या शहरात, जिथं वीतभर जागेला सोन्याचा भाव आहे, तिथं दोनशे एकर मोकळी राहिली कशामुळं? घोड्यांमुळं राहिली. एखादा वापर चालू राहिला की जागा टिकते. वापर थांबला की जागेवर कुणाची तरी नजर पडते. आणि पट्टा कधी संपतो, कागद कुणाच्या नावाचा आहे, हे जे लोक बघत होते, त्यांनाच वेळेवर बोलता आलं.

आता आपल्या गावात या. आपल्याकडंही जत्रेची मैदानं आहेत. चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते, डिसेंबरात सुरू होते आणि जानेवारीतही चालू राहते. पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी लोक जमतात. तिथं गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, घाट-धर्मशाळेचं काम केलं आणि जत्रेला आलेल्यांना सांगितलं की देवाच्या नावानं कर्ज काढू नका, जनावर मारू नका, पोरांना शिकवा. जत्रेचं मैदान म्हणजे नुसता बाजार नाही, गावाला शहाणपण सांगायची जागा आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि धावण्याचं म्हणाल तर आपल्याला शंकरपट आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यात धामणगाव तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्या विदर्भात नावाजलेला आहे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं जनावरांच्या छळाच्या कारणावरून बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्यात तथ्य होतं, हे आपण मान्य करायला हवं. शेपटी पिरगाळणं, टोचणी लावणं, हे प्रकार होत होते. पुढं महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली. आता परवानगी लागते, जनावरांची तपासणी लागते, छळ केला तर गुन्हा होतो. तळेगावच्या पटाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथं बायांचाही पट होतो. महिला धुरकरी बैलजोडी हाकतात. डोक्यावर पदर, हातात कासरा आणि बैल सुसाट. महालक्ष्मीच्या मैदानावर बाईला खोगीर मिळायला शंभर वर्षं लागली, आपल्या बाया तर बैलाला लहानपणापासून वैरण टाकतात. त्यांना जनावराची काय भीती?

मग आपल्या गावच्या मैदानाचा कागद कुठं आहे? गायरान किती, ते कुणाच्या ताब्यात आहे, जत्रेच्या जागेवर कुणी पत्रे ठोकले आहेत का, गुरं चरायला जागा उरली आहे का? २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की गावाच्या सामायिक जमिनीवरचं अतिक्रमण हटवून ती गावाला परत मिळाली पाहिजे. तलाठ्याकडं गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असते. ती बघायला मागा. जाताना एकटी जाऊ नका, गट मिळून जा. ज्याचं अतिक्रमण आहे तो गरीब, बेघर असेल तर त्याच्या घराचाही विचार करा. गरिबाची झोपडी आणि धनदांडग्याचं गोदाम एकाच मापानं मोजू नका.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. ती कागदोपत्री उरकली जाते. पुढच्या खेपेला त्या सभेत जाऊन बसा आणि एवढा एकच विषय मांडा, आमच्या मैदानाचा उतारा दाखवा. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि घरचा उतारा विसरू नका. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. विदर्भातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करून दिली. घरच्या लक्ष्मीचं नाव कागदावर आलं. आमच्या मामीच्या वेळी ते असतं तर दोन एकर वावर घोड्याच्या टापांखाली गेलं नसतं. तिला निदान 'नाही' म्हणता आलं असतं.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी करा. टोटचा तो हिशेब पाटीवर मांडा आणि घरातल्या पोरांना दाखवा. आपल्यातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर आहे ते हात वर करून मोजा. आणि गावच्या जत्रेच्या मैदानावर एकदा सगळ्या मिळून फेरी मारून या, म्हाताऱ्या बायांना सोबत घ्या. त्यांना जुन्या हद्दी ठाऊक असतात. कुठल्या लिंबापासून कुठल्या ओढ्यापर्यंत गावाची जागा होती, ते त्या बोट करून दाखवतील. ते लिहून घ्या.

येत्या भादव्यात महालक्ष्म्या बसतील तेव्हा समुद्रातून वर आलेल्या त्या तिघींची आठवण काढा. आंबिलीची वाटी पुढं करताना सुनेला ही गोष्ट सांगा.

चला, माझी वेळ झाली. तुमच्या चुलीवरचं दूधही उतू जायला आलं असेल. नमस्कार.